कागदात नसलेली पोर

मावशींनी आयुष्यभर लोकांची घरं झाडली-पुसली ती तोंडी बोलीवर. "सोमवारपासून याल?" "येते की." एवढ्यावर काम सुरू व्हायचं, आणि घरमालकांनी बिऱ्हाड हलवलं की संपायचं. मधल्या वर्षांत कामात काय काय धरायचं हे ज्याच्या त्याच्या लहरीवर. कोणी जळमटं काढणं त्यातच धरायचं, कोणी कुत्र्याला खाली फिरवून आणणं. मावशी कुरकुर करायच्या, पण ती घरी येऊन. समोरच्या माणसाला नाही म्हणायची वेळ आली की त्यांची जीभ टाळूला चिकटायची.

सून घरात आली आणि या कारभाराला वळण लागलं. लग्नाआधी ती एका मोठ्या सफाई कंपनीत सुपरवायझर होती. तिने जुनी व्हॅन घेतली, फरशी घासायचं मशीन घेतलं, हाताखाली बायका ठेवल्या, आणि बँका, दवाखाने, ऑफिसं अशी कामं मिळवायला लागली. सासू-सासरेही तिच्या हाताखाली आले. मावशी गमतीने म्हणायच्या, "माझ्या सासूने मला एवढं राबवलं नाही, तेवढं सून राबवते." सून हसायची आणि दुसऱ्या दिवसाची कामं सांगायची.

एवढी हुशार, पण करार लिहून घ्यायचं तिच्याही हातून राहून जायचं. काका पडले तोवर. काका म्हणजे मावशींचे यजमान. एका ऑफिसच्या बाहेरच्या काचा पुसताना शिडी सरकली आणि ते फरसबंदीवर आपटले. खुब्याचं हाड मोडलं. ऑफिसच्या मालकाने सरळ हात वर केले. "बाहेरच्या काचा तुमच्या कामात कुठे होत्या? चढा म्हणून कोणी सांगितलं?" सांगितलं त्यानेच होतं, जिन्यात उभं राहून, हसत हसत. पण जिन्यातलं बोलणं जिन्यातच विरलं. त्या दिवसापासून सुनेने सहीशिवाय एकही काम धरलं नाही. कोणत्या खोल्या, कोणते वार, किल्ली कोणाकडे, काही फुटलं तर कोणी भरून द्यायचं, सगळं लिहायचं. आणि शेवटी ठळक अक्षरांत, काय करणार नाही ते: उंचावर चढणं नाही, आजाऱ्याची शुश्रूषा नाही, मुलं सांभाळणं नाही.

त्याच अपघातात डॉक्टर धावून आले. हाडांचे डॉक्टर. त्यांच्या घरची साफसफाई मावशींकडे कितीतरी वर्षं होती. त्यांची मुलगी जन्मली तेव्हा पाळण्याखालची फरशी मावशींनीच पुसलेली. सरकारी दवाखान्यात काकांना जागा मिळेना, तर डॉक्टर स्वतः तिथे जाऊन उभे राहिले, भांडले, कॉट मिळवली, ऑपरेशनही स्वतः केलं. काका पहिल्यांदा पाय टेकून उभे राहिले तेव्हा त्यांच्या काखेत हात घालून डॉक्टरच उभे होते. मावशींच्या घरात त्यांचं नाव निघालं की काका आजही जरा सावरून बसत.

म्हणून त्यांच्या घरी करार करायला जायचं ठरलं तेव्हा मावशींना लाजल्यासारखं झालं. घरचीच माणसं, त्यांच्यापुढे काय कागद नाचवायचा? त्यात डॉक्टर आणि बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, नुकतेच वेगळे झालेले. डॉक्टर दुसरीकडे राहायला गेले होते. घर बाईंच्या नावावर होतं, त्या शाळेत शिकवायच्या, मुलगी त्यांच्याजवळ होती. काय बिनसलं ते मावशींना नीट कळलं नव्हतं. त्यांनी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही.

बाईंनी करार शांतपणे वाचला. सही करायच्या आधी शेवटी जी कोरी जागा होती तिथे त्यांनी आपल्या हाताने एक ओळ लिहिली: 'माझ्या गैरहजेरीत, मी स्वतः सांगितल्याशिवाय, कोणालाही, पतीसह, घरात घेऊ नये.'

मावशींची नजर 'पतीसह' या शब्दावर अडकली. तो शब्द बाईंनी जरा दाबूनच लिहिला होता.

सुनेने चेहरा हलू दिला नाही. तिने विचारलं, "कोर्टाचा काही आदेश आहे का?"

"अजून नाही. तारीख पडलीये."

"मग ते आलेच तर आम्ही काय करायचं?"

"दार उघडायचं नाही," बाई म्हणाल्या. "बस एवढंच."

घरी परतताना मावशी सुनेला म्हणाल्या, "नवऱ्याबायकोची भांडणं ही. आज आहेत, उद्या मिटतील. आपण कशाला मध्ये पडायचं?"

"आपण मध्ये पडत नाही, आई. आपण फक्त कडी लावून घेतोय."

*

तो दिवस उजाडला तोच धावपळीचा. शाळेत परीक्षा चालू होत्या. मावशी पोचल्या तेव्हा बाई एका हाताने साडीला पिन लावत होत्या आणि दुसऱ्या हाताने पोरीच्या कपाळावर पट्टी ठेवत होत्या. भिंगरी तापाने फणफणली होती. तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली ती डॉक्टरांनी. चालायला लागली तीच गोल गोल फिरत, म्हणून. आज ती भिंगरी कोचावर निपचित पडली होती.

"ताप असलेलं मूल पाळणाघरात घेत नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि परीक्षेला मी नाही गेले तर वर्ग कोण बघणार? मावशी, मला माहितीये हे तुमच्या कामात नाही."

इथे सून असती तर तिने काहीतरी मार्ग काढला असता. मावशींची जीभ नेहमीसारखी टाळूला चिकटली. आणि खरं सांगायचं तर त्यांना नाही म्हणायचंही नव्हतं. "जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी आहे ना."

"पेपर संपला की तशीच निघते. परीक्षेच्या वेळी फोन ऑफिसात जमा करावा लागतो, मी उचलणार नाही. काही लागलं तर..." पुढे काय ते बाईंनाही सुचलं नाही. त्यांनी पोरीचा पापा घेतला, दाराची साखळी लावून घ्यायला सांगितली आणि गेल्या.

मावशींनी हॉल झाडला, स्वयंपाकघराचा ओटा पुसला. मधूनमधून येऊन पोरीच्या मानेला हात लावायच्या. औषधाने घाम फुटला होता, पोर गाढ झोपली होती. बादलीत फडकं पिळत असताना बेल वाजली.

साखळी तशीच ठेवून मावशींनी दार बोटभर उघडलं. बाहेर डॉक्टर होते. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, हातात औषधांच्या दुकानातली कागदी पिशवी.

"मावशी. उघडा."

"बाई घरात नाहीत, डॉक्टरसाहेब."

"माहितीये. भिंगरीला ताप आहे. पाळणाघरात विचारलं, तिथे कळलं." आवाज नेहमीचाच, मऊ. याच आवाजात त्यांनी काकांना 'घाबरू नका, मी आहे' म्हटलं होतं. "औषध आणलंय. जरा तपासतो आणि जातो."

मावशींनी फटीतून हात बाहेर काढला. "द्या, मी देते तिला."

डॉक्टरांनी पिशवी दिली. मग त्यांनी फटीत बोटं घातली आणि दाराची कड हलकेच धरली. "मावशी, न तपासता औषध देता येत नाही. तुम्हाला काय सांगायचं? साखळी काढा."

"बाईंनी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"कोणाला घ्यायचं नाही म्हणून. लिहून दिलंय तसं."

डॉक्टर जरा हसले. "कोणाला म्हणजे चोराला, मावशी. मी या घरातला माणूस. हे दार मी बसवून घेतलंय. काकांना कॉट मिळत नव्हती तेव्हा मी कोणाचा कागद बघितला होता का?"

हा घाव बरोबर बसला. मावशींचा हात साखळीपर्यंत गेलाही होता. पण बाईंनी दाबून लिहिलेला तो शब्द त्यांना दिसत राहिला. माणूस उगाच असं दाबून लिहीत नाही. हात खाली आला.

"मला माफ करा," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. तिथे निवृत्त पोस्टमास्तर राहायचे. जिन्यात पान हललं तरी त्यांना कळायचं. "काय झालं, डॉक्टर?"

"काही नाही, मास्तर. पोरगी तापाने पडलीये आणि आमच्या मावशी मला आत घेत नाहीत."

"असं कसं?" पोस्टमास्तर फटीकडे वाकले. "अहो, उघडा की. बाप आहे तो. आजारी लेकराला बापाला बघू देत नाही, हे कुठलं शहाणपण?"

मावशींना आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहोत असं वाटलं. आता डॉक्टरांचा आवाजही जरा वर गेला. "हे बघा मावशी, एका आजारी मुलीला तुम्ही कोंडून ठेवलंय. मी पोलिसांना बोलावलं तर तुम्हाला जड जाईल. तुमच्या सुनेच्या धंद्यालाही."

मावशी घाबरल्या. पण भीती एका हद्दीपलीकडे गेली की माणूस उलट सरळ विचार करतो, तसं काहीसं झालं असावं. त्या म्हणाल्या, "बोलवा, डॉक्टरसाहेब. पोलीस आले की मी लगेच उघडते. त्यांच्यासमोर तपासा तिला. माझ्याही डोक्यावरचा भार उतरेल."

डॉक्टरांनी फोन खिशातून काढला, हातात धरला आणि लावला नाही. पोस्टमास्तर वाट बघत होते. मग डॉक्टरांनी फोन परत खिशात टाकला.

"कशाला उगाच तमाशा," ते म्हणाले.

आणि नेमकी त्याच वेळी आतून हाक आली. "बाबा?"

भिंगरी उठून बसली होती. गाल लालभडक, केस चिकटलेले. मावशी अडवायच्या आत ती पांघरूण ओढत दारापाशी आली आणि फटीपुढे बसली. डॉक्टरही पलीकडे जमिनीवर बसले. भिंगरीने फटीतून हात बाहेर घातला, त्यांनी तो दोन्ही हातांत धरला.

"बाबा, आत ये ना."

"मावशी येऊ देत नाहीत गं."

पोरीने मान वळवून मावशींकडे बघितलं. ती नजर मावशींचं काळीज चिरत गेली. पण बापलेकीला निदान बोलू तरी द्यावं म्हणून त्या दोन पावलं मागे झाल्या आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. सून दोन गल्ल्या पलीकडच्या बँकेत होती. तिने फोन उचलला तेव्हा मागे मशीन घरघरत होतं.

मावशींनी सगळं सांगितलं. पोरीचं ऐकून सून एकदम म्हणाली, "आई, तुम्ही तिला सांभाळायला का थांबलात? आपण लिहून..." आणि तिथेच थांबली. मशीन बंद झालं. "बरं, ते राहू दे. दार बंद आहे?"

"साखळी आहे. कागदात लिहिलंय ना गं, घ्यायचं नाही म्हणून? दाखवता येईल ना त्यांना?"

"घराचं लिहिलंय, आई. पोरीचं कागदात काहीच नाही. ते बाप आहेत, कोर्टाने अजून काही म्हटलेलं नाही. तिला घेऊन निघाले तर तो कागद त्यांना थांबवणार नाही."

मावशी खिडकीपाशी उभ्या होत्या. सहज त्यांची नजर खाली गेली. डॉक्टरांची गाडी फाटकाशी लागून उभी होती. मागच्या काचेतून दोन मोठ्या सुटकेसेस दिसत होत्या, आणि त्यांच्या पुढे लहान मुलांना गाडीत बसवायची खुर्ची. नवी कोरी. तिच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.

"अगं," मावशी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना, "ते तिला न्यायला आलेत. गाडीत सामान भरलंय."

"मी निघाले. शाळेच्या ऑफिसात फोन करते, शिपायाला बाईंना वर्गातून बोलवायला सांगते. तुम्ही दारापासून हलू नका."

पण त्या हलल्या होत्याच. हॉलमधून बोलण्याचा आवाज येईनासा झाला होता. मग फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज आला. मावशी धावल्या. भिंगरी पायपुसण्याशेजारच्या छोट्या स्टुलावर चढून उभी होती, आणि दार बाहेरून जवळजवळ ओढून धरून उरलेल्या फटीतून तिचा बाप हळू आवाजात सांगत होता, "आता डावीकडे सरकव. शाब्बास."

साखळी सुटली.

डॉक्टर आत आले ते ढकलाढकल न करता. त्यांनी पोरीला पांघरुणासकट उचललं, तिचं डोकं खांद्यावर घेतलं आणि कपाळाला हात लावला. तपासणं तेवढंच. ते वळले.

"डॉक्टरसाहेब, तिला खाली ठेवा."

"बाजूला व्हा, मावशी."

"बाईंना येऊ द्या. मग काय ते बोला दोघं."

"बोलून झालंय आमचं."

मावशी त्यांच्या आधी दाराबाहेर पडल्या आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. अंगाने त्या चांगल्या भरलेल्या होत्या. अरुंद जिना त्यांनी भरून टाकला. दोन्ही हात दोन्हीकडे कठड्याला आणि भिंतीला लावले. मागून डॉक्टरांचा श्वास ऐकू येत होता.

"उठा," डॉक्टर म्हणाले. "मला तुम्हाला हात लावायचा नाहीये."

"मग लावू नका."

पोस्टमास्तर अजून आपल्या दारात होते. मघाचा त्यांचा तोरा उतरला होता. ते घसा साफ करत म्हणाले, "डॉक्टर, पोलिसांना बोलावतो म्हणाला होतात ना? मी लावू का फोन?"

डॉक्टरांनी कठडा धरला, पाय उचलला आणि मावशींना ओलांडून खालच्या पायरीवर पाऊल टाकलं. मावशींनी पांघरुणाचं टोक पकडलं. क्षणभर ते ताणलं गेलं, भिंगरी खांद्यावरून एका बाजूला कलली आणि किंचाळली. मावशींनी टोक सोडून दिलं. पोर जिन्यात पडली असती.

डॉक्टर भराभर उतरून गेले. मावशी कठडा धरून मागे उतरत होत्या. त्यांना एकच वाटत होतं, संपलं. आपल्या हातून पोर गेली. बाईंना काय तोंड दाखवायचं?

त्या फाटकाशी पोचल्या तेव्हा डॉक्टर गाडीच्या दाराशी उभे होते. गाडीच्या मागे आडवी, अगदी चिकटून, सुनेची व्हॅन लावलेली होती. पुढे फाटकाचा खांब होता. सून व्हॅनला टेकून उभी, अंगात बँकेतला निळा एप्रन, हाताच्या मुठीत किल्ली. धापा टाकत होती.

"गाडी काढा," डॉक्टर म्हणाले.

"काढते. बाई निघाल्यात शाळेतून. त्या आल्या की लगेच काढते."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?"

"नाही," सून म्हणाली. "खरंच नाही कळत, डॉक्टरसाहेब. पण गाडी काढणार नाही."

डॉक्टरांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. ते एक पाऊल पुढे आले. मावशींना वाटलं, आता हे हिच्या हातातून किल्ली हिसकावणार. रस्त्यावर दोन-चार माणसं थांबली होती. आणि तेव्हा भिंगरीने डोकं उचललं. "बाबा, मला कसंतरी होतंय," ती म्हणाली, आणि त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर भडाभडा ओकली.

डॉक्टर तसेच खाली बसले, फाटकाच्या पायरीवर. पोरीला मांडीवर आडवं घेऊन त्यांनी तिचं तोंड रुमालाने पुसलं, नाडी बघितली. मग पहिल्यांदा डॉक्टरासारखे बोलले. "पाणी आणा, मावशी. आणि ओलं फडकं."

मावशी जेवढ्या लवकर जाता येईल तेवढ्या लवकर वर जाऊन पाणी आणि स्वच्छ पंचा घेऊन आल्या. डॉक्टरांनी पोरीला घोट घोट पाणी पाजलं. कपाळ, मान, तळवे पुसले. भिंगरीने डोळे मिटूनच विचारलं, "आई कधी येणारे?"

पंचा डॉक्टरांच्या हातात तसाच राहिला. त्यांनी तोंड पोरीच्या केसांत लपवलं. पोर त्यांच्या मांडीवर झोपून गेली, आणि ते तिघं, आणि रस्त्यावरची ती माणसं, असेच थांबून राहिले.

बाई टॅक्सीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या हाताला अजून परीक्षेच्या खडूची भुकटी होती. त्यांनी सामान बघितलं, खुर्ची बघितली. ओरडल्या नाहीत. नुसते हात पुढे केले. डॉक्टरांनी पोर त्यांच्या हातात दिली, हळूच, झोपमोड होऊ नये अशी.

मग ते मावशींकडे वळले. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," ते म्हणाले.

सुनेने व्हॅन बाजूला घेतली.

*

घरी काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "ज्या माणसाने मला पायावर उभं केलं, त्याला तू दारात उभं केलंस," एवढंच ते बोलले. मग कितीतरी दिवस ते मावशींशी कामापुरतं बोलायचे. मावशींनी समजावायचा प्रयत्न केला नाही. त्यांनाही आतून तेच टोचत होतं. सुटकेसेस डोळ्यांनी बघूनही टोचत होतं.

पुढे कोर्टात साक्ष झाली. डॉक्टरांच्या वकिलाने सुनेचाच करार पुढे केला आणि ठळक ओळीवर बोट ठेवलं. "मुलं सांभाळणं नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय. मग सख्ख्या बापाला अडवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

मागे बसलेल्या सुनेने डोळे मिटून घेतले. मावशी म्हणाल्या, "अधिकार कसला हो. बाई म्हणाल्या पोरीकडे बघा, मी बघत होते."

वकिलाने आणखी दोन-तीनदा फिरवून फिरवून विचारलं. मावशींचं उत्तर तेच राहिलं. त्यांना दुसरं येतच नव्हतं.

डॉक्टरांनी त्याच दिवसाची परदेशाची दोन तिकिटं काढली होती, हेही कोर्टापुढे आलं. तिकडे त्यांचा भाऊ होता. थोड्याच आठवड्यांसाठी जाणार होतो, असं ते म्हणाले. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. कोर्टाने मुलगी आईकडे ठेवली, तिचा पासपोर्ट जमा करून घेतला, आणि बापाला दर रविवारी बागेत भेटायची परवानगी दिली. अट एक, दोघांना चालेल असं तिसरं माणूस तिथे हजर हवं.

त्या तिसऱ्या माणसावरून घोडं अडलं. बाईंनी सुचवलेलं माणूस डॉक्टरांना नको, डॉक्टरांनी सुचवलेलं बाईंना नको. बाईंनी आपली बहीण सांगितली, डॉक्टरांनी पोस्टमास्तर. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "मावशी चालतील मला."

बाई चकित होऊन बघत राहिल्या. बाहेर व्हरांड्यात मावशींनी धीर करून विचारलं, "डॉक्टरसाहेब, मीच कशी?"

ते त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "पोस्टमास्तरांना मी पाच मिनिटांत माझ्या बाजूने केलं होतं. तसं कोणालाही करू शकतो. माझा मलाच भरवसा नाही, मावशी. तुम्ही असलात तर मी बागेतून उठून कुठे जाणार नाही."

सून ऐकायला तयार नव्हती. व्हॅनमध्ये बसल्यावर तिने तोंड उघडलं. "हे आपल्या धंद्यात बसत नाही, आई. उद्या काही झालं तर दोघंही आपल्यालाच धरतील."

"मग बसेल असं लिही."

सुनेने वळून सासूकडे बघितलं. कागदाचं नाव काढलं की नाक मुरडणारी ही बाई. "तुम्ही सांगा, काय लिहू."

मग त्या दोघींनी तीन संध्याकाळी बसून नवा करार केला. वेळ, जागा, पोर आजारी असेल तर काय, डॉक्टर आले नाहीत तर काय, आणि मावशींनी पोरीला हात धरून थांबवायची वेळ आली तर तो हक्क त्यांना दोघांनीही दिला आहे, असं स्पष्ट शब्दांत. सुनेने काही खोडलं, काही वाढवलं, एक पान टाकून पुन्हा लिहिलं. शेवटची ओळ मावशींनी सांगितली आणि सुनेने जशीच्या तशी उतरवली: 'पोरीसमोर कोणी कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही.' बाईंनी सही केली. डॉक्टरांनी ती ओळ वाचायला वेळ घेतला, पण केली.

पहिल्या रविवारी मावशी भिंगरीला घेऊन बागेत गेल्या. रस्ताभर पोर त्यांच्याशी बोलली नाही. त्या दिवशी बाबाला आत न घेणारी मावशी ती हीच, हे तिने मनात धरून ठेवलं होतं. मावशींनी हात पुढे केला तर तिने आपले दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात घातले. रस्ता ओलांडताना मात्र धरू दिला.

डॉक्टर फाटकाशी उभे होते. भिंगरी धावत गेली, त्यांनी तिला उचललं, मग मावशींकडे बघून लगेच खाली ठेवलं. "उचलून घ्या की," मावशी म्हणाल्या. "त्याला कुठे मनाई आहे?"

त्या जरा लांबच्या बाकावर जाऊन बसल्या, जिथून दोन्ही फाटकं दिसतील अशा. बापलेक गवतावर काहीतरी खेळत होते. हसण्याचा आवाज येत होता. मावशींना भूक लागली होती, पण डबा उघडताना त्यांची नजर हलली असती, म्हणून तो तसाच मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या.